पहिली की दुसरी? न दिसता मराठी लिहिण्याची रीत

लिहिणं अडत नाही. बोटं चालतात, वाक्य सुचतं, कीबोर्ड बोलतो. अडतं ते लिहिलेलं पुन्हा वाचताना. डोळस लेखकाला पानावर नुसती नजर टाकली तरी चुकलेली वेलांटी खटकते. दृष्टिहीन लेखक पान ऐकतो, आणि मराठीत वेलांटी ऐकू येत नाही. 'पूल' लिहा नाहीतर 'पुल' लिहा, आवाज एकच. म्हणून या टिपणात लिहिण्यापेक्षा तपासण्याबद्दल जास्त आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात राहून मराठीत लिहिणाऱ्यांसाठी ते आहे. इकडे कागद कानडीत येतो, मदतीला येणारी पोरं बरेचदा कानडी किंवा इंग्रजी माध्यमातली असतात आणि घरातली मराठी पुस्तकातल्या मराठीसारखी नसते. त्यामुळे पुण्या-मुंबईकडचा सल्ला जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

साधनं

विंडोजचा साधा लॅपटॉप आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) एवढ्यावर पुस्तक लिहून होतं. एनव्हीडीए फुकट आहे. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठी आणि कानडी दोन्ही वाचतो. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे, आठवडाभर नको वाटतो. तरी तोच ठेवा, कारण तो शब्द गिळत नाही. हिंदीचा गोड आवाज लावून मराठी वाचून घ्यायचा मोह होतो, पण तो 'ळ'चं काहीतरी भलतंच करतो आणि 'केलं', 'झालं'मधल्या शेवटच्या अनुस्वाराचा 'म' करतो. अशा आवाजावर तपासलेला मजकूर तपासलेला धरू नका.

फोन जवळ हवाच, मुख्यतः टिपणं घ्यायला आणि छापील कागद वाचायला. ब्रेल येत असेल तर पाटी आणि टोचणी कपाटात टाकू नका. ब्रेलचा उपयोग पुढे दोन ठिकाणी असा आहे की त्याला पर्याय नाही.

कानडी मुलखात राहणाऱ्याला ब्रेलचा आणखी एक फायदा. १९५१ मध्ये ठरलेली भारती ब्रेल सगळ्या भारतीय भाषांना एकच आहे. ब्रेलमध्ये अक्षराला सहा टिंबांचं एक घर असतं, टिंबांना १ ते ६ क्रमांक. 'क' मराठीतला असो की कानडीतला, टिंबं १ आणि ३. 'ळ' दोन्हींकडे ४, ५, ६. देवनागरी आणि कानडी लिपी शेजारी ठेवल्या तर डोळस माणूस एकीत अडतो; ब्रेल वाचणाऱ्याच्या बोटाला त्या दोन लिपी आहेत हेच कळत नाही.

कीबोर्ड: इनस्क्रिप्टच शिका

इंग्रजी अक्षरं मारून मराठी उमटवणारे कीबोर्ड सोपे वाटतात. पण शब्दाचे तीन-चार पर्याय समोर येतात, त्यातला एक निवडावा लागतो आणि ते पर्याय कानाला सारखेच ऐकू येतात. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरलेल्या कळांच्या मांडणीत, निवड नाही. एक कळ, एक खूण. शिकायला रोज अर्धा तास धरून महिना-दीड महिना लागेल.

डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. एफ आणि जे या कळांवर उंचवटा असतो, तर्जन्या तिथे ठेवायच्या. जेवर 'र', केवर 'क', एलवर 'त'. शिफ्ट दाबून केवर 'ख', एलवर 'थ'. एनवर 'ल', शिफ्टसह 'ळ'. एक्सवर अनुस्वार, डीवर पाय मोडायची खूण. आणि आता खरी गंमत: एफवर पहिली वेलांटी, तिच्या बरोबर वरच्या ओळीत आरवर दुसरी. जीवर पहिला उकार, वर टीवर दुसरा. म्हणजे ऱ्हस्व मधल्या ओळीत, दीर्घ वरच्या ओळीत. 'बहीण' लिहिताना बोट वर जातं, 'बहिणीला' लिहिताना पहिल्या वेलांटीला जागेवर राहतं आणि दुसरीला वर जातं. शुद्धलेखन डोळ्याला पाठ करता येत नसेल तर तर्जनीला पाठ करता येतं. दृष्टिहीन मराठी लेखकाने इनस्क्रिप्ट शिकावा याचं हे एकच कारण पुरेसं आहे.

ब्रेलमधून आलेल्यांची इथे हमखास एक चूक होते. ब्रेलमध्ये पाय मोडायची खूण, टिंब ४, अक्षराच्या आधी येते. इनस्क्रिप्टमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. 'पुस्तक' ब्रेलमध्ये लिहिताना प, उ, टिंब ४, स, त, क. कीबोर्डवर एच, जी, एम, डी, एल, के. म्हणजे प, उकार, स, मग मोडलेला पाय, मग त, क. सवयीने डी आधी मारली तर पानावर 'पु'चा पाय मोडतो आणि शब्दाचं कडबोळं होतं. जोडाक्षरांचे पन्नास शब्द काढा: स्तंभ, वस्त्र, उद्घाटन, सख्खा, असे. रोज एकदा टाइप करा. पंधरा दिवसांत सवय मोडते.

दुसरी चूक 'ऱ्य'ची. 'दुसऱ्या' लिहायला ओ, जी, एम, शिफ्ट-जे, डी, मग तिरक्या रेघेची कळ (तिथे 'य'), मग ई (तिथे काना). शिफ्ट दाबायचा राहिला तर रफार येतो आणि 'दुसर्या' उमटतं. वाचणारा आवाज दोन्ही जवळपास सारखंच म्हणतो. नुसतं दिसायला वाईट असतं तर चाललं असतं, पण 'आचार्यांना वाढा' आणि 'आचाऱ्यांना वाढा' यांत जेवायला बसणारी माणसंच बदलतात.

प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह यांसाठी विंडोजच्या इनस्क्रिप्टमधून बाहेर पडून इंग्रजी कीबोर्डवर जावं लागतं. विंडोज कळ आणि स्पेस बार. बदल झाला की एनव्हीडीए सांगतो. परत यायला माणूस विसरतो, आणि विचाराच्या भरात अख्खा परिच्छेद इंग्रजी अक्षरांच्या भुशात जातो. त्यावर उपाय म्हणजे टाइप केलेलं अक्षर बोलून दाखवायची सोय चालू ठेवणं: एनव्हीडीए कळ (म्हणजे इन्सर्ट) आणि २. वेगाने लिहिणाऱ्यांना ही बडबड नको असते. त्यांनी निदान शब्द बोलण्याची सोय, एनव्हीडीए आणि ३, बंद करू नये.

शंकेची जागा दाखवायला डोळस लोक चौकडीची किंवा चांदणीची खूण टाकतात. इनस्क्रिप्टमध्ये त्या कळांवर जोडाक्षरं असतात, म्हणून ती खूण हाताशी येत नाही. त्याऐवजी 'ठठठ' लिहा. मराठीत असा शब्द नाही, ऐकताना तो कानाला ठेच लागल्यासारखा लागतो, आणि नंतर कंट्रोल-एफने एका मिनिटात सगळ्या जागा सापडतात. मजकूर पाठवण्याआधी एकदा 'ठठठ' शोधायचंच.

वेलांटी पकडायची कशी

पहिला मार्ग नियमाचा. डोळस माणूस शुद्धलेखन बहुतेक आठवणीने लिहितो. तुम्हाला ते नियमाने लिहावं लागेल, आणि मराठीचे नियम त्या मानाने थोडे आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि नंतर १९७२ मध्ये वाढवलेले, मिळून अठरा. त्यांतले तीन-चार पक्के केले तर बहुतेक शब्द निभावतात.

शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी-उकार दीर्घ: मी, तू, पाटी, वस्तू, कवी. 'आणि', 'नि', 'परंतु' हे अपवाद. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचं दीर्घ: पूल, मूल, वीट, जमीन, गरीब. त्याच शब्दाला प्रत्यय लागला की तेच ऱ्हस्व होतं: पुलावर, मुलाला, विटेचा, जमिनीत, गरिबाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र हलत नाहीत: गुण, विष, शरीराला, परीक्षेला. आणि समासात पहिला संस्कृत शब्द आपलं मूळ रूप धरतो, म्हणून 'कवी' दीर्घ पण 'कविसंमेलन' ऱ्हस्व; 'दृष्टी' दीर्घ पण 'दृष्टिहीन' ऱ्हस्व. आपल्याच नावामागचा हा शब्द बऱ्याच संस्थांच्या पाटीवर चुकलेला असतो, असं वाचून दाखवणारे सांगतात.

नियमाने भागत नाही ते अर्थाचे जोड: दिन आणि दीन, शिर आणि शीर, सुत आणि सूत. यांची स्वतःची यादी करा. शाळेतल्या वहीइतकी मोठी होत नाही.

दुसरा मार्ग यंत्राचा. वर्डमध्ये शंकेच्या अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा. शेवटच्या खुणेच्या जागी तिचा संगणकी आकडा येतो: ०९३एफ म्हणजे पहिली वेलांटी, ०९४० दुसरी, ०९४१ पहिला उकार, ०९४२ दुसरा. ०९०२ आला तर अनुस्वार. ऐकून झालं की पुन्हा ऑल्ट-एक्स, खूण परत जागेवर. दुसऱ्यांदा दाबायचं विसरलात तर कथेत मध्येच '०९३एफ' छापून येईल, तेव्हा दोन्ही एका दमात करा.

चूक सापडली तर बॅकस्पेसने काढा, डिलीटने नको. अक्षरानंतर कर्सर ठेवून बॅकस्पेस एकदा मारला की नुसती वेलांटी जाते आणि व्यंजन राहतं. अक्षराच्या आधी उभं राहून डिलीट मारलं तर वेलांटीसकट व्यंजनही जातं, आणि काय गेलं हे आवाज सांगेपर्यंत पुढचं अक्षर जोडून बसलेलं असतं.

काही चुका तर कानाला अजिबातच लागत नाहीत. एकाच अक्षरावर दोन मात्रा पडतात, दोन अनुस्वार पडतात, काना मारायच्या आधी अनुस्वार पडतो. आवाज हे सगळं समजुतीने वाचून टाकतो. छापल्यावर मात्र मध्ये टिंबांचं रिकामं वर्तुळ दिसतं. यासाठी ऐकत बसू नका. कंट्रोल-एच (शोधून बदलायची चौकट) उघडा, वर दोन मात्रा, खाली एक, सगळं बदला. तसंच दोन अनुस्वार, दोन काने, दोन स्पेस. अनुस्वार आणि लगेच काना ही उलटी जोडी शोधून तिची जागा सरळ जोडीला द्या. पाच मिनिटांचं काम आहे, दर लेखाला करायचं.

तिसरा मार्ग बोटाचा, आणि तो सगळ्यांत खात्रीचा. ब्रेलमध्ये इ म्हणजे टिंबं २, ४ आणि ई म्हणजे ३, ५. उ म्हणजे १, ३, ६ आणि ऊ म्हणजे १, २, ५, ६. कानाला जे एक ते बोटाला दोन. लॅपटॉपला ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर ब्रेलमध्ये बोटाखाली उठवणारं यंत्र, जोडता आला (ऑर्बिट रीडर २० सारखा वीस घरांचाही चालतो) आणि एनव्हीडीएच्या ब्रेल सेटिंगमध्ये मराठी तक्ता निवडला की प्रत्येक वेलांटी बोटाखालून जाते. वीस घरांत तीन-चार शब्द मावतात, वेग बैलगाडीचा. म्हणून अख्खं पुस्तक त्यावर वाचायची गरज नाही. शेवटची प्रत तेवढी वाचायची. यंत्र महाग आहे. एकट्याला झेपत नसेल तर दोघा-तिघांत मिळून घ्या किंवा जवळच्या अंधशाळेत बसून वापरता येतं का ते विचारा.

एकंदर तपासणी तीन फेऱ्यांत करा. पहिली नेहमीच्या वेगात, नुसता ओघ ऐकायला. हिच्यात काही दुरुस्त करायला थांबू नका. दुसरी विरामचिन्हांसकट: एनव्हीडीए आणि पी दाबून चिन्हांची पातळी 'सर्व'वर न्यायची. तिसरी कंट्रोल आणि उजव्या बाणाने शब्दाशब्दावर. तिसरी फेरी चाळीस मिनिटांपेक्षा जास्त ओढली तर कान बधिर होतो आणि चुकीचंही बरोबर वाटायला लागतं. उठा, चहा घ्या.

बोलून लिहिणं

फोनवर मराठीत बोलून टाइप करता येतं, आणि घाईच्या टिपणाला ते उत्तम. त्याचा स्वभाव मात्र उलटा आहे. हाताने लिहिलेल्यात शब्द बरोबर आणि वेलांटी चुकते, बोलून लिहिलेल्यात वेलांटी बरोबर आणि शब्दच भलता येतो. किणये, मच्छे, कणकुंबी ही गावांची नावं त्याला ओळखीची नसतात. तो त्यांना जवळच्या एखाद्या शब्दात ढकलतो. दिवसभर गेल्यावर ते वाक्य ऐकताना आपल्यालाच कळत नाही आपण काय म्हणालो होतो. म्हणून महत्त्वाच्या टिपणाचं ध्वनिमुद्रणही ठेवा. फाइलीला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग गाव. नावानुसार लावल्या की त्या आपोआप काळाच्या क्रमाने बसतात आणि शोधताना पहिले चार आकडे ऐकले की पुढे सरकता येतं.

आपल्याकडची बोली

'काय करूलास?' 'बाजारला जाऊलोय.' 'आलो असतो, खरं पाऊस होता.' इथला 'खरं' म्हणजे 'पण'. हे सोलापूर-नाशिकच्या वाचकाला माहीत नसतं, तरी पात्राच्या तोंडी ते तसंच यायला हवं. अडचण अशी की वर्डची शुद्धलेखन तपासणी या सगळ्याला चूक म्हणते आणि एनव्हीडीए दर वेळी मध्येच तसं बोलतो. शब्द एकेक करून शब्दकोशात घाला. त्याआधी प्रत्येकाचं एक रूप ठरवा. 'करूलास' की 'करुलास'? कोणतंही चालेल, पण पान ३ वर एक आणि पान ४० वर दुसरं चालणार नाही, आणि कानाला तो फरक कधीच कळणार नाही. एक वेगळी फाइल करा, तिच्यात बोलीचे सगळे शब्द ठरलेल्या रूपात. कथा संपली की न ठरलेलं रूप शोधून काढायचं.

कानडी संवादात ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' येतात. मराठी वाचकासाठी साधा ए-ओ पुरतो. खुणा देत बसलात तर अर्ध्या फॉन्टमध्ये त्या फुटतात. 'बर्री, बसा' एवढ्याने घरातलं बोलणं उभं राहतं. शेजारी कंसात अर्थ देऊ नये.

ऐकलेलं, हुंगलेलं

रंग लिहावेत की नाहीत यावर फार वाद घालतात. पात्र डोळस असेल तर त्याला रंग दिसणारच, लिहा. पण वर्णनाचा भार आपल्याला पक्कं माहीत आहे त्यावर ठेवा. वडगाव-खासबागच्या गल्लीत यंत्रमागाचा खटखटाट भिंतीतून येतो आणि वीज गेली की तो एकाएकी थांबतो. त्या थांबण्यातून दुपार कळते. निपाणीत तंबाखूचा वास हंगामात इतका दाट असतो की तो नाकापेक्षा घशाला आधी लागतो. टिळकवाडीत रेल्वे फाटकापाशी गाड्यांची इंजिनं एकेक करून बंद होतात, मग पायी माणसांच्या चपला ऐकू येऊ लागतात. अशी नोंद त्याच वेळी, तिथेच फोनमध्ये बोलून ठेवा. घरी येईपर्यंत 'खूप आवाज होता' एवढंच उरतं.

दुकानांच्या आणि बसच्या पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावर आपल्याकडे बरंच काही होऊन गेलं आहे. न दिसणाऱ्याला दोन्ही सारख्याच. बसपाशी दोनदा विचारावं: एकदा कंडक्टरला, एकदा शेजारी बसलेल्या बाईला. उत्तरं जुळली की बसायचं.

छापील वाचायचं असेल तर

लेखकाला वाचायलाही लागतं. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात छापील वाचू न शकणाऱ्यांना नोंदणी करून पुस्तकं घेता येतात. नोंदणीसाठी अपंगत्वाचा दाखला लागतो. तिथे नसलेलं पुस्तक आपल्यासाठी स्कॅन करून घेणं बेकायदा नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये तशी सूट आलेली आहे. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत जी मराठी पुस्तकं आहेत त्यांतली कितीतरी दुसरीकडे मिळत नाहीत, तेव्हा ही सूट ग्रंथपालाला नीट सांगता यायला हवी.

फोनने पान टिपताना पुस्तक टेबलावर सपाट ठेवा, दोन्ही कोपरं टेबलाला टेकवा. फोन पानाच्या मधोमध लावा आणि सरळ वर उचला, दीड वीत. कोपरं टेकलेली असली की हात कलत नाही. खिडकी डाव्या किंवा उजव्या बाजूला हवी. पाठीमागे असली तर आपलीच सावली पानावर पडते. फोटो गूगल ड्राइव्हमध्ये टाकून डॉक्समध्ये उघडला की मजकूर सुटा होतो. मराठीत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' यांची अदलाबदल होते, आणि 'ख'चा कधी कधी 'रव' होतो. वाचण्यापुरतं हे चालतं. त्यातून उतारा उचलून आपल्या लेखात घालायचा असेल तर कुणाकडून तरी मूळ पानाशी ताडून घ्या.

सरकारी कागद कानडीत येतो. हीच रीत त्यालाही चालते, फक्त वाचताना आवाज कानडी करायचा.

डोळस वाचक नेमताना

यंत्र कितीही आलं तरी छपाईला जाण्याआधी एका डोळस माणसाने पान बघायला हवं. माणूस मराठी माध्यमात शिकलेला निवडा. कानडी किंवा इंग्रजी माध्यमातली मुलं देवनागरी वाचतात ती हिंदीच्या तासाची. ती 'ळ'चा 'ल' वाचतात, 'ऱ्या'ला अडतात, आणि मदतीच्या भावनेने आपलं बरोबर असलेलं गुपचूप 'सुधारून' ठेवतात. निवृत्त प्राथमिक शिक्षिका मिळाल्या तर सोनं. ठरवून पैसे द्या. फुकट वाचणारा दोन दिवसांनी येईनासा होतो आणि रागावताही येत नाही.

रीत अशी ठेवा: वाचणाऱ्याने हात लावायचा नाही, फक्त बोलायचं. शंकेच्या शब्दाला अक्षरं फोडून.

"अक्का, 'जमिनीत' कसं आहे बघा."
"ज. 'म'ला पहिली. 'न'ला दुसरी. त."
"बरोबर. पुढे?"
"'विट'ला पहिली दिलीय तुम्ही."
"दुसरी पाहिजे. पान किती?"

पहिली-दुसरी, काना, मात्रा, रफार, पाय मोडका, या भाषेत बोललं की गोंधळ होत नाही. 'छोटी इ', 'मोठी ई' म्हणणाऱ्याला पहिल्याच दिवशी ही सवय लावा. एका बैठकीला एक तास, दहा-बारा पानं. जास्त केली तर वाचणारा शब्द ओळखून वाचायला लागतो, बघून वाचत नाही.

पाठवणं आणि प्रूफ

लेख वर्डच्या फाइलीत, युनिकोडमध्ये (इनस्क्रिप्टने उमटतात त्याच अक्षरांत) पाठवा आणि तोच मजकूर मेलमध्येही चिकटवा. शब्दसंख्या कंट्रोल-शिफ्ट-जी दाबून कळते. प्रकरणांच्या नावांना कंट्रोल-ऑल्ट-१ ने शीर्षकाची शैली द्या. नुसतं ठळक केलेलं शीर्षक स्क्रीन रीडरला शीर्षक म्हणून सापडत नाही, आणि दोनशे पानांच्या फाइलीत मग बाण दाबत बसावं लागतं.

प्रूफ येतं तिथे खरी कटकट. पुष्कळ छापखाने अजून जुन्या फॉन्टमध्ये पानं लावतात. त्यांच्या पीडीएफमधून मजकूर वाचायला घेतला तर अगम्य इंग्रजी अक्षरं ऐकू येतात. पानाचं चित्र करून ओळखून घेतलं तर ऐकू आलेली चूक छापखान्याची की ओळखणाऱ्या यंत्राची हे कळत नाही. शिवाय युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये जाताना रफार आणि 'ऱ्य' हमखास बिघडतात. आधीच बोलून ठेवा: पानं लागल्यावर मजकूर युनिकोडमध्ये परत काढून द्या, आणि प्रूफाची एक कागदी प्रत. कागदावर डोळस वाचक बसतो, फाइलीवर तुम्ही. रफार आणि 'ऱ्य' असलेले शब्द त्याला मुद्दाम बघायला सांगा. करारावर सही करायच्या आधी करारही वर्डमध्ये मागून घ्या. सहीसाठी जाड पुठ्ठ्याला आठ सेंटिमीटर लांब, सव्वा सेंटिमीटर रुंद खाच पाडून खिशात ठेवा. दाखवणाऱ्याने ती रेषेवर धरली की सही तिरकी जात नाही आणि अंगठ्याचा विषय निघत नाही.

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, पावसात वीज तास न् तास जाते. वर्डची आपोआप जपायची मुदत दहा मिनिटांची असते, ती दोनवर आणा. त्याच पावसात ब्रेलचे कागदही मऊ पडतात आणि टिंबं बसतात. कागद जाड हवा, पुस्तकांसारखे उभे ठेवायचे, वर वजन नको. पत्र्याच्या पेटीत कोरडे राहतात.

संमेलनात वाचताना

हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं होतात आणि लिहिणाऱ्याला कधी ना कधी मंचावर बोलावणं येतं. ब्रेलचा दुसरा उपयोग इथे. कानात आवाज ऐकत त्याच्यामागून बोलणं जमतं, पण मांडवातला कर्णा सुरू झाला की कानातलं ऐकू येत नाही. ब्रेल कागदावर बोट फिरतं आणि तोंड श्रोत्यांकडे राहतं. घरी घड्याळ लावून वाचा, म्हणजे एका कागदाला किती मिनिटं लागतात ते कळेल. कागद शिवू नका, सुटे ठेवा. वाचून झालेला खाली सरकवायचा. प्रत्येकाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्रमांक ब्रेलमध्येच टोचा.

ग्रंथदिंडीत ढोल-लेझमाच्या आवाजात काठीची टकटक आणि आजूबाजूची चाहूल, दोन्ही बुडतात. तिथे एकट्याने चालायचा हट्ट नको. सोबत्याचं कोपर धरा आणि त्याच्या अर्धं पाऊल मागे चला. त्याने तुमचा दंड धरून ढकलत नेऊ नये, हे आधीच सांगा. मंचाच्या पायऱ्या किती, कठडा कोणत्या बाजूला, माइक उभा की टेबलावर, हे तिघांना विचारण्यापेक्षा कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी स्वतः चढून पाहावं. माइकच्या दांड्याला हात लावून उंची ठरवावी आणि कागद ठेवायला टेबल मागून घ्यावं. हातात धरलेल्या कागदावर एक हात अडकतो आणि वाऱ्याने पान उडालं तर शोधायला मांडवभर माणसं वाकतात.